घाण्याचा वाटा आणि मंडळीची वही

चाळीसगावहून सातमाळ्याच्या डोंगराकडे निघाले की पाटण लागते. तिथला शके ११२८ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोईदेवाने त्या मठाला दान दिले, असे त्या लेखात कोरले आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. भास्कराचार्यांच्या वंशाची आणि विद्येची थोरवी तिथे श्लोकांत सांगितली आहे. शेवटी मात्र भाषा बदलते. मठाला कोणी काय द्यायचे, बाजारातल्या व्यवहारातून किती, धान्यातून किती, तेलाच्या घाण्यामागे किती, हे सांगायची वेळ येते तेव्हा लेख जुन्या मराठीत उतरतो. थोरवी विद्वानांनी वाचायची होती. वाटा तेल्याने, वाण्याने, शेतकऱ्याने द्यायचा होता, आणि तो त्याला कळायला हवा होता. विचार कितीही उंचीवरचा असला तरी गावात टिकण्यासाठी त्याला घाण्याचा वाटा लागतो, आणि वाटा मागायचा तर गावाची भाषा लागते. आठशे वर्षांपूर्वीच्या दगडावरचा हा धडा मला एका अगदी वेगळ्या प्रश्नाकडे जाताना उपयोगी वाटतो. युरोपात सोळाव्या शतकात झालेली प्रोटेस्टंट धर्मसुधारणा खानदेशातल्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांत रुजली ती कशी, आणि मुळात ती कितपत रुजली?

या प्रश्नाला दोन उत्तरे नेहमी मिळतात. एक उत्तर मिशनच्या अहवालांचे: उपदेशकांनी सत्य सांगितले, लोकांना ते पटले, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुसरे उत्तर मिशनच्या टीकाकारांचे: दुष्काळ होता, राज्य इंग्रजांचे होते, पैसा परदेशी होता, म्हणून लोक गेले. दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे, पण दोन्ही उत्तरे धर्मांतराच्या क्षणापाशी थांबतात. रुजणे ही गोष्ट त्या क्षणानंतर सुरू होते आणि ती मोजायची तर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत मोजावी लागते. माझे म्हणणे असे की प्रोटेस्टंट सुधारणा स्थानिक मंडळीत केवळ प्रवचनाने रुजत नाही आणि वरून आलेल्या हुकमाने तर नाहीच. शास्त्र वाचणे, पाळकाचा खर्च भागवणे, शिस्तीचा निर्णय घेणे आणि उपासनेचा सूर धरणे ही चार कामे जेव्हा स्थानिक माणसांच्या हाती येतात तेव्हा ती रुजते. जिथे ही कामे दुसऱ्याच कोणाच्या हाती राहिली, तिथे शिकवण कितीही शुद्ध असली तरी सुधारणा पाहुणी म्हणूनच राहिली.

हा नियम खानदेशाच्या मागासलेपणातून निघालेला नाही. ही सुधारणा सुरू करणाऱ्या लूथरच्या जर्मन भूमीतही हेच दिसते. १५१७ मध्ये लूथरने मांडलेल्या पंचाण्णव विधानांचा रोख पापक्षमेच्या पत्रकांवर होता, म्हणजे देवाची कृपा आणि पैशाचा हिशेब यांच्या गैरमेळावर होता. १५२२ मध्ये त्याचा जर्मन नवा करार छापला गेला. पुढे सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांच्या पाठिंब्याने गावोगावच्या चर्चची पाहणी झाली, आणि १५२८ च्या सुमारास लूथर स्वतः त्या पाहणीत होता. त्याला दिसले की खेड्यांतल्या लोकांना प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञासुद्धा धड येत नाहीत, आणि कित्येक पाळकांची अवस्था फारशी वेगळी नाही. त्या निराशेतून १५२९ मध्ये त्याने लहान प्रश्नोत्तरी लिहिली, घरच्या कर्त्या माणसाने मुलाबाळांना शिकवावी म्हणून. जेराल्ड स्ट्राउस या इतिहासकाराने अशाच पाहणीच्या नोंदी तपासून पुढे असा निष्कर्ष काढला की सुधारणेच्या पहिल्या शतकात सामान्य माणसाच्या मनापर्यंत ती फारशी पोचलीच नाही. या निष्कर्षावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण एवढे सर्वमान्य आहे की सुधारणा जाहीर होणे आणि गावाची होणे यांत दोन-तीन पिढ्यांचे अंतर होते. ते अंतर कापण्याची लूथरची युक्तीही लक्षात घेण्यासारखी आहे. शिकवण्याचे काम त्याने व्यासपीठावरून उचलून घराच्या ओसरीवर आणले.

महाराष्ट्रात हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला तो अहमदनगरला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले आणि १८३३ मध्ये तिथे पहिली मंडळी स्थापन झाली. सुरुवातीची वीस वर्षे मंडळीचा कारभार मिशनरीच पाहत. १८५४-५५ मध्ये बोस्टनहून रूफस अँडरसन पाहणीसाठी आले. इंग्रजी शाळांवरचा भर कमी करावा, खेड्यांत छोट्या मंडळ्या उभाराव्यात आणि त्यांवर इथलेच पाळक नेमावेत, असा त्यांचा आग्रह होता. हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती याच सुमारास. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण उचलावा आणि आपला प्रसार आपण करावा, हे अँडरसन यांचे तीन कलमी सूत्र पुढे जगभर गाजले. इंग्लंडमध्ये हेन्री व्हेन हेच सांगत होते. सूत्र बरोबर होते, पण ते बोस्टनहून आले होते. स्वावलंबनाचा आदेश परावलंबी माणसाला बाहेरून मिळतो तेव्हा त्यात एक विसंगती असते, आणि नगरच्या मंडळ्यांना तिच्याशी पुढे कित्येक दशके झगडावे लागले. खेड्यातल्या मंडळीत बहुतेक लोक महार समाजातले. बलुते हा त्यांचा आधार, आणि तो गावाच्या मर्जीवर. अशा लोकांनी पाळकाचा पगार द्यायचा म्हणजे धान्याच्या मुठीतून द्यायचा.

खानदेशात गोष्टी उशिरा आणि आणखी वेगळ्या रीतीने घडल्या. मिशन संस्थांनी आपापसांत प्रदेश वाटून घेतले होते. अकोल्यात १८८० च्या दशकात काम सुरू केलेल्या मार्कस आणि जेनी फुलर यांच्या मागे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही ए. बी. सिम्पसन यांची संस्था उभी राहिली. वऱ्हाडातून ती पूर्व खानदेशात आली आणि भुसावळ, जळगाव, चाळीसगाव अशी रेल्वेच्या कडेने तिची ठाणी झाली. पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारकडे, विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आले. फ्रेडरिक फ्रान्सन यांनी ते १८९० मध्ये शिकागोत स्थापन केले होते. या दोन्ही संस्थांची वृत्ती नगरच्या मिशनपेक्षा निराळी होती. ख्रिस्ताचे पुनरागमन जवळ आले आहे, त्याआधी शुभवर्तमान गावोगाव पोचले पाहिजे, अशी त्यांची तळमळ होती. त्यामुळे कॉलेजे आणि मोठ्या संस्था उभारण्यापेक्षा तंबू टाकून हिवाळ्यात गावे फिरण्यावर त्यांनी जोर दिला. याचा परिणाम दुहेरी झाला. नगरसारखा शिक्षितांचा मोठा वर्ग इथे तयार झाला नाही आणि मंडळ्या लहान राहिल्या. पण संस्थांचे ओझे नसल्यामुळे मंडळी म्हणजे इमारत, बोर्डिंग आणि नोकरी असे समीकरणही नगरइतके घट्ट बसले नाही. सुधारणा इथे ज्या काही प्रमाणात रुजली ती माणसांच्या छोट्या जमावात रुजली.

त्या जमावाला मराठीने जी नावे दिली ती पाहिली तरी अर्धी गोष्ट कळते. चर्च या संकल्पनेला शब्द मिळाला 'मंडळी'. घरची मंडळी, पाहुणे मंडळी, गावची मंडळी, सगळीकडे वापरला जाणारा हा साधा शब्द. नव्या करारातल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही एकत्र बोलावलेली माणसे असाच आहे, आणि इमारत हा अर्थ त्याला फार नंतर चिकटला. धर्मगुरूला शब्द मिळाला 'पाळक', गुरे-मेंढरे पाळणाऱ्याचा. कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना 'वडील'. यांतला एकही शब्द देवळाच्या गाभाऱ्यातून आलेला नाही. सगळे घरातून, ओट्यावरून आणि रानातून आलेले आहेत. सर्व विश्वासणारे याजक आहेत हे प्रोटेस्टंट तत्त्व खानदेशातल्या शेतमजुराला कदाचित कोणी समजावून सांगितले नसेल. पण 'वडील' म्हणून निवडला गेलेला मजूर जेव्हा कोणाला बाप्तिस्मा द्यावा, कोणाला काही काळ प्रभुभोजनापासून दूर ठेवावे, पाळकाला या वर्षी किती द्यावे, यावर मत देऊ लागला तेव्हा ते तत्त्व त्याच्या अंगवळणी पडले. गावच्या पंचायतीत ज्याला बसायला जागा नव्हती, तो इथे पंच झाला. म्हणून मंडळीची बाप्तिस्म्याची नोंदवही, वर्गणीची वही आणि सभेचे इतिवृत्त ही तीन पुस्तके मला प्रवचनसंग्रहांपेक्षा महत्त्वाची वाटतात. सुधारणेचा खरा पुरावा त्यांत असतो.

आता वाचनाचे काम. प्रोटेस्टंट माणसाच्या हाती शास्त्र मातृभाषेत हवे, हे पहिले सूत्र. पण खानदेशात मातृभाषा कोणती? छापील बायबल मराठीत होते. त्यातला पहिला मराठी नवा करार १८११ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांच्या छापखान्यातून निघाला. घरात मात्र अहिराणी, पश्चिमेकडे मावची आणि भिल्लांच्या इतर बोली. पुस्तकाची मराठी ही अनेकांना शाळेत शिकावी लागणारी भाषा होती. ही अडचण ज्यांनी गांभीर्याने घेतली त्यांत पंडिता रमाबाई सर्वांत पुढे आहेत. उपलब्ध भाषांतर सामान्य बायांना कळत नाही म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची वर्षे सोप्या मराठीतल्या बायबलला दिली. १९२२ मध्ये देहावसान होईपर्यंत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हे काम चालू होते. भाषांतर ही विद्वानांच्या समितीची मक्तेदारी नाही, ते वाचणारीच्या गरजेतून निघाले पाहिजे, हा त्यामागचा विचार लूथरच्या विचाराशी थेट नाते सांगतो. शिवाय तो एका बाईने, बायांसाठी केलेला आहे. मंडळ्यांतल्या वडिलांच्या जागा पुरुषांकडे असताना घराघरांत शास्त्र वाचून दाखवणाऱ्या 'बायबल बाई' होत्या, आणि ओसरीवरची लूथरची शाळा आपल्याकडे प्रत्यक्षात त्यांनीच चालवली.

उरलेले काम सुराचे, आणि इथे मराठी मंडळ्यांनी स्वतःची वाट काढली. इंग्रजी चालीवरची गीते खेड्यात उपरी वाटत. १८६० च्या दशकात नगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केले आणि टाळ-मृदंगाने ख्रिस्तकथा गावात नेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी आणि पदांचे जे भांडार मराठी मंडळीला दिले, ते 'उपासना संगीत' या गीतसंग्रहाच्या रूपाने आजही रविवारी हातात असते. अमळनेरला सखाराम महाराजांच्या परंपरेचा उत्सव भरणाऱ्या, भजनात मुरलेल्या खानदेशात या चालींची वेगळी ओळख करून द्यावी लागली नाही. ज्याला अक्षर येत नव्हते त्याने शास्त्र पाठ केले ते पदांतून. वाचता न येणाऱ्या प्रोटेस्टंटाची अडचण अशी गाण्याने दूर केली.

इथे एक मोठा आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. मातृभाषेत धर्म, सामान्यांच्या तोंडी देवाचे शब्द, मध्यस्थाशिवाय भक्ती, हे सगळे महाराष्ट्रात ज्ञानदेव-तुकारामांनी आधीच केले होते. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे लूथरच्या जन्माआधी दोन शतके. ख्रिस्ती धर्मापुरते बोलायचे तरी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले, आणि ते कॅथलिक होते. मग प्रोटेस्टंट सुधारणेने नवीन काय आणले? आक्षेपाचा पहिला भाग मी पूर्ण मान्य करतो. देशी भाषेचे श्रेय प्रोटेस्टंटांनी घेऊ नये. स्वतः टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आल्याचे मानत. पण वारकरी संतांनी वाणी मोकळी केली तेव्हा देवळाच्या दाराची किल्ली मात्र जुन्याच हातांत राहिली. चोखोबांचे अभंग पंढरपुरात गायले गेले आणि चोखोबांची समाधी दाराबाहेर राहिली. विठ्ठलाचे मंदिर दलितांना उघडावे यासाठी अमळनेरच्या शाळेत एकेकाळी शिकवणाऱ्या साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. म्हणजे ओवी सर्वांची होऊनही साडेसहाशे वर्षे किल्ली सर्वांची झाली नव्हती. प्रोटेस्टंट मंडळीने निदान नियमात तरी वाणी आणि किल्ली यांची गाठ घातली. जो शास्त्र वाचतो, त्याला कारभारात मत आहे. नवीन गोष्ट ती ही.

दुसरा आक्षेप इंग्लंडच्या एका खेड्यातून येतो आणि तो माझ्या मांडणीला अधिक अवघड आहे. डेव्हनमधल्या मोरबाथ या तीसेक घरांच्या गावात क्रिस्टोफर ट्रिकी नावाचे पाळक १५२० ते १५७४ असे चौपन्न वर्षे होते. त्यांनी चर्चच्या हिशेबाच्या वह्या लिहून ठेवल्या आणि इमन डफी या इतिहासकाराने त्यांतून गावाचे चित्र उभे केले. त्या वह्या सांगतात की सुधारणेच्या आधीच्या कॅथलिक मोरबाथमध्ये स्थानिक सहभाग भरपूर होता. संतांच्या दिव्यांसाठी वेगवेगळे निधी होते, चर्चच्या मेंढ्या घराघरांत वाटून पाळल्या जात, तरुण मुले-मुलीसुद्धा निधीचे हिशेब ठेवत. राजाच्या हुकमाने सुधारणा आली तेव्हा हे सगळे मोडले, गाव गरीब आणि मुके झाले, आणि १५४९ च्या बंडात तिथले काही तरुणही गेले. म्हणजे स्थानिक जबाबदारी ही प्रोटेस्टंटांची देणगी नव्हती, उलट प्रोटेस्टंट राजवटीने ती हिरावून घेतली. हा पुरावा मी मान्य करतो, आणि त्यामुळे माझे म्हणणे मला अधिक नेमके करावे लागते. स्थानिक जबाबदारी कोणत्याही पंथाची खासगी मालमत्ता नाही. पण कॅथलिक परंपरेत ती मोडली तरी वेदी, संस्कार आणि धर्मगुरू उरतात. प्रोटेस्टंट शिकवणीने मध्यस्थ बाजूला केला आहे, म्हणून तिच्याकडे मंडळीखेरीज दुसरा आधारच नाही. मंडळी मुकी झाली की तिथे प्रोटेस्टंटपणाचे फक्त रिकामे घर उरते. मोरबाथला हुकमाने जे झाले तेच खानदेशात पगाराने होण्याचा धोका होता.

हा पगाराचा मुद्दा म्हणजे तिसरा आक्षेप. लोक दुष्काळात भाकरीसाठी गेले, असे म्हटले जाते. १८९९-१९०० च्या दुष्काळात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने अकोला आणि खामगाव इथे अनाथ मुलामुलींना आसरा दिला, आणि त्या मुलांतून अनेक ख्रिस्ती कुटुंबे उभी राहिली, हे खरेच आहे. उपाशी मुलाला जेवू घालण्यात कोणी दोष मानू नये. आणि हेतूंची शुद्धता हाच निकष लावला तर मठांच्या जमिनींवर डोळा ठेवून सुधारणा स्वीकारणारे युरोपचे राजे आधी नापास होतील. आक्षेपाचा खरा दंश पुढे आहे. पाळकाला पगार मिशन देत असे, म्हणून पाळक मंडळीला उत्तरदायी राहत नसे, आणि मंडळीला पाळक आपला वाटत नसे. ही जखम टिळकांनी आतून पाहिली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, आणि ख्रिस्ताचे काम या मातीच्या खर्चाने व्हावे, ही त्यामागची ओढ. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार मोठा झाला नाही. पण प्रश्न त्यांनी अचूक ओळखला होता. स्वातंत्र्यानंतर तो प्रश्न अटळ झाला. त्या वेळच्या मध्य प्रदेश राज्याने, ज्यात वऱ्हाडही होते, नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ मध्ये परदेशी मिशनवर कडक अहवाल दिला, आणि पुढच्या दशकांत परदेशी मिशनरी कमी होत गेले. त्या अहवालाच्या अनेक निष्कर्षांशी मी सहमत नाही. पण मिशनरी गेल्यावर ज्या मंडळ्यांत वर्गणीची वही आधीपासून होती त्या टिकल्या, आणि जिथे फक्त मनिऑर्डरीची वाट पाहण्याची सवय होती तिथे कुलूप लागायची वेळ आली. एवढी कठोर परीक्षा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने झाली नसती.

चौथा आक्षेप जातीचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. चाळीसगावहून फार दूर नसलेल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. त्यानंतर त्यांनी ख्रिस्ती धर्माचाही बारकाईने विचार केला, आणि धर्मांतरिताच्या स्थितीवर लिहिताना त्यांनी दाखवले की जात चर्चच्या उंबरठ्यावर थांबत नाही आणि ख्रिस्ती समाज आपल्यावरच्या अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही. नगरकडच्या खेड्यांत महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एकत्र बसायला नाखूष असत, हा इतिहास आहे. लक्ष्मीबाई टिळकांना पतीच्या मागोमाग मंडळीत यायला १९०० साल उजाडावे लागले. पाच वर्षांच्या त्या अंतरात सोवळ्याची केवढी मोठी भिंत होती हे 'स्मृतिचित्रे'च्या वाचकाला माहीत आहे. म्हणून जातीच्या बाबतीत सुधारणा रुजली असे मी म्हणणार नाही. ती अपुरी आहे. तरीही एक फरक नोंदवला पाहिजे. प्रभुभोजनाचा एकच प्याला ओठांना लावण्याचा नियम मंडळीने स्वतःवर घालून घेतला आहे. तो मोडणाऱ्याला मंडळीच्याच नियमाने, मंडळीच्याच सभेत जाब विचारता येतो. अन्यायाला धर्माचा आधार असणे आणि अन्याय करणाऱ्याला धर्माची अडचण होणे, या दोन स्थितींतले अंतर लहान नाही. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर ठेवले. ही किंमत मोजून जी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मंडळीत राहिली, त्यांच्या श्रद्धेला भाकरीचा हिशेब लावणे अन्यायाचे आहे.

पश्चिम खानदेशात नवापूर आणि चिंचपाडा परिसरात रुजण्याची हीच प्रक्रिया आदिवासी समाजात वेगळ्या वळणाने दिसते. १९३० च्या दशकात तळोद्याकडे गुला महाराजांनी भिल्लांत दारू सोडण्याची, स्वच्छतेची आणि सामुदायिक आरतीची मोठी चळवळ उभी केली होती. तिचे बळ आपल्याच माणसाने आपल्याच माणसांना घातलेल्या शपथेत होते. मावची ख्रिस्ती मंडळ्यांनी मोहाच्या दारूविरुद्ध जी शिस्त धरली, तीही मिशनरीच्या बंगल्यातून चालवता आली नसती. कोण पितो आणि कोण सोडतो हे फक्त पाड्याला माहीत असते. शिस्तीचा निर्णय पाड्यातल्या वडिलांकडे आला तेव्हा तिला अर्थ आला. तिथल्या मंडळ्या आज खानदेशातल्या सर्वांत मोठ्या आहेत, यामागे हे एक प्रमुख कारण असावे असे मला वाटते.

एक शेवटचा आक्षेप श्रद्धाळू वाचकाचा असेल. सुधारणा म्हणजे केवळ कृपेने तारण, ती मनाची गोष्ट, तिला वह्या-वर्गणीत का बसवता? मला यात विरोध दिसत नाही. कृपा फुकट आहे म्हणूनच ती विकायला कोणी दुकान मांडू शकत नाही, आणि ती वाटण्याचा मक्ता कोणाकडे देता येत नाही. मग मंडळीचे जे काही आहे ते सर्वांचे आणि सर्वांसमोर असले पाहिजे. उघडी वही ही कृपेच्या शिकवणीची व्यवहारातली खूण आहे. आज हे सांगण्याची निकड वाढली आहे. मंडळ्यांच्या मोक्याच्या जागा, निवडणुकांवरून कोर्टात गेलेली भांडणे, कामासाठी पुण्या-सुरतेकडे गेलेली तरुण मुले, यांत जुन्या मंडळ्या दमल्या आहेत. त्याच वेळी एकाच उपदेशकाभोवती जमणारे नवे मेळावे वाढत आहेत. तिथे वडील नेमले जात नाहीत, हिशेब वाचला जात नाही आणि आशीर्वादासाठी त्या एका माणसाच्या हाताकडे पाहावे लागते. त्यांची भाषा, गीते आणि बायबल प्रोटेस्टंट आहे. तरीही जो मध्यस्थ सुधारणेने बाजूला केला होता तो तिथे परत आला आहे. त्या मानाने जुन्या मंडळीतली भांडणेही मला आशेची वाटतात. हिशेबावरून भांडायला हिशेब आपला वाटावा लागतो. पाटणचा मठ राजाच्या दानावर उभा होता. राज्य गेले आणि मठही गेला, मागे घाण्याच्या वाट्याची ओळ तेवढी दगडावर राहिली. मंडळीमागे राजा नाही आणि आता परदेशी मिशनही नाही. वर्षाकाठी एका रविवारी उपासनेनंतर कोणी तरी वही उघडून मोठ्याने जमाखर्च वाचावा, आणि मागच्या रांगेतल्या बाईने उठून एखाद्या आकड्याचा अर्थ विचारावा, एवढ्यावरच ती उभी राहू शकते. ज्या मंडळीत तो प्रश्न विचारता येतो आणि त्याला उत्तर मिळते, तिथे सुधारणा रुजली आहे.